सिरोसिसमध्ये स्नायू मोजून आयुष्याचा अंदाज येतो का?

प्रश्न: वडिलांना लिव्हरचा सिरोसिस आहे, मेल्ड स्कोअर (लिव्हरचा आजार किती गंभीर ते सांगणारा आकडा, जास्त म्हणजे वाईट) १४. एका डॉक्टरांनी सीटीवर स्नायू मोजून घ्या म्हटलं. त्याने किती आयुष्य उरलंय ते कळतं का? वजन तर उलट वाढलंय.

उत्तर: "वजन उलट वाढलंय" हे वाचून राहवलं नाही. या आजारात वजनकाट्यावर विसंबू नका. पोटातलं पाणी आणि पायांवरची सूज काट्यावर तशीच भरते.

आमच्या दादाचं हेच झालं. आम्ही इंदूरचे, रामबागेतले. दादाने दारूला कधी हात लावला नाही. मधुमेह, फॅटी लिव्हर आणि तिथून सिरोसिस. वजन वाढलं तसे मोठे काका म्हणाले, "अंग धरतोय पोरगा." पोट नगाऱ्यासारखं, पण कानशिलं आत गेलेली, दंड सुकलेले, आणि सोफ्यावरून उठायचं तर हात टेकल्याशिवाय उठवेना. मी वहिनीला सांगत होते, पोटाकडे नको, दंडाकडे बघ.

मग एकदा तो ग्लानीत गेला, असंबद्ध बोलायला लागला. रक्तात अमोनिया (प्रथिनांपासून बनणारा विषारी पदार्थ, जो एरवी लिव्हर साफ करतं) वाढला होता. दवाखान्यातून घरी आणलं आणि काकांनी फर्मान काढलं: वरण बंद, पनीर बंद, दही बंद. साबुदाण्याची खीर आणि मोसंबीचा रस, तोही मधुमेह्याला! यावरून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. लिव्हर थकलं की अमोनिया निकामी करायचं बरंचसं काम स्नायू करतात. ते झिजवून अमोनिया कमी कसा होणार? २००४ मध्ये स्पेनच्या डॉक्टरांनी अशाच रुग्णांवर हे तपासलं. प्रथिनं तोडून फायदा दिसला नाही, उलट अंगातली प्रथिनं जास्त झिजली. आहारतज्ज्ञ बाईंनी वरण, पनीर, दही सगळं परत चालू केलं, वर झोपण्याआधी काहीतरी खायलाच लावलं, कारण या रुग्णांचं शरीर रात्रभराच्या उपासातही स्नायू खायला लागतं. हळूहळू दादा कठड्याला न धरता जिना चढायला लागला. काका आजही चारचौघांत मोसंबीच्या रसाला श्रेय देतात. ते खरं नाही.

आता तुमचं. सीटीवर कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीला स्नायूंचं क्षेत्रफळ मोजतात आणि उंचीच्या वर्गाने भागतात. उत्तर अमेरिकेतल्या ट्रान्सप्लांटच्या यादीवरच्या रुग्णांमध्ये पुरुषांत ५० आणि बायकांत ३९ चौरस सेंटिमीटर प्रति चौरस मीटरच्या खाली आकडा गेला की मृत्यूचा धोका वाढलेला दिसला. मेल्डमध्ये बिलिरुबिन (काविळीचा आकडा), आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ), क्रिएटिनिन (किडनीचा आकडा), नव्यात सोडियमही. स्नायू कुठेच नाहीत. त्यात क्रिएटिनिन स्नायूंतूनच तयार होतं. म्हणजे माणूस वाळला की क्रिएटिनिन कमी येतं आणि मेल्ड आहे त्यापेक्षा बरा दिसतो. १४ वर निर्धास्त राहू नका ते यासाठी.

पण वडिलांचे महिने मोजून देणारा आकडा सीटीत नाही. धोका गटाचा कळतो, एका माणसाचा नाही, आणि हे आकडे आपल्या बांध्याच्या लोकांवरून काढलेलेही नाहीत. नुसत्या स्नायूंसाठी नवा सीटी करू नका. पोटाचा आधी काढलेला असेल तर त्यावरच मोजून मागा. नसेल तर हाताच्या पकडीचा जोर, हात न लावता खुर्चीवरून पाच वेळा उठणं आणि तोल, एवढं दवाखान्यात बघता येतं.

प्रथिनं रोज किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, पण वजन पाणी वजा करून धरायचं. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या असतील तर जड वजनं उचलायला लावू नका. आणि पोटातलं पाणी काढलं की लगेच वजन करून तारखेसकट लिहून ठेवा, पुढच्या वेळी तुलना त्याच आकड्याशी करा.