'अंमलबजावणीयोग्य औपचारिक तपशील' नको, मग काय?

उद्यमनगरातल्या एका ताईंनी विचारलंय, इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी मराठीत नोट्स काढतेय तर 'एक्झिक्युटेबल फॉर्मल स्पेसिफिकेशन'ला 'अंमलबजावणीयोग्य औपचारिक तपशील' म्हटलं तर चालेल का.

ताई, नका लिहू तसं. 'औपचारिक' म्हटलं की आपल्याकडं सत्कार नि हारतुरेच आठवतात, इथं फॉर्मल म्हणजे गणिती चिन्हांच्या पक्क्या नियमांत बसवलेलं, आणि तर्कशास्त्रात त्याला 'आकारिक' शब्द आधीपासून रुळलाय की, तोच घ्या. तपशीलाऐवजी 'विनिर्देश' बरा, म्हणजे प्रोग्रॅमनं काय करायचं याचं नेमकं वर्णन.

खरी अडचण 'अंमलबजावणीयोग्य'ची आहे. अंमलबजावणी म्हणजे इंप्लिमेंटेशन, म्हणजे विनिर्देश वाचून नंतर कुणीतरी लिहिलेला प्रोग्रॅम, आणि इथं तर विनिर्देश स्वतःच मशीनवर चालतोय. पण प्रत्येक विनिर्देश असा सहज चालतोच असं नाही. सॉर्टिंगचं, म्हणजे आकडे क्रमानं लावायचं बघा, 'उत्तरात आकडे तेच हवेत आणि चढत्या क्रमानं हवेत' एवढं लिहिलं की विनिर्देश पुरा झाला, पण कसं करायचं हे त्यात कुठंच नाही. माप तपासायचं गेज जसं जॉब (मशीनवर केलेला भाग) पास का फेल एवढंच सांगतं, जॉब घडवत नाही, तसं. तो जसाच्या तसा चालवायचा तर सगळ्या मांडण्या करून बघाव्या लागतील, १० वेगवेगळ्या आकड्यांच्याच ३६,२८,८०० होतात!

ह्यावरून वाद पण झालाय. १९८९ मध्ये इयान हेज आणि क्लिफ जोन्स ह्या संगणकशास्त्रज्ञांनी मांडलं की विनिर्देश चालवता यायलाच पाहिजे असं काही नाही, तो हट्ट धरला की 'काय हवं' सोडून 'कसं करायचं' त्यात घुसतं. १९९२ मध्ये नॉर्बर्ट फुक्स यांनी उलट दाखवलं की फारसा साचा न बदलता असे विनिर्देश लॉजिकवर आधारलेल्या भाषेत चालवता येतात, आणि गिऱ्हाईकाला आधीच चालवून दाखवता आलं तर चूक लवकर सापडते. मला दोघांचंही पटतं, म्हणून तर विशेषण नेमकं पाहिजे. व्हीडीएम ह्या विनिर्देश लिहायच्या भाषेत दोन्ही तऱ्हा लिहिता येतात, फक्त पूर्वअट-उत्तरअट (आधी काय खरं असावं नि शेवटी काय खरं व्हावं) दिलेली फंक्शनं आणि पुरी व्याख्या दिलेली, त्यातली दुसरी चालतात.

म्हणून 'चालवता येणारा आकारिक विनिर्देश' लिहा, लांब आहे पण अर्थ सांडत नाही. कुकुंबर ह्या टेस्टिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या गिव्हन-व्हेन-देनच्या ('असं असताना, हे केलं, की असं व्हावं') वाक्यांना पण एक्झिक्युटेबल स्पेसिफिकेशन म्हणतात, तिथं मात्र 'आकारिक' गाळा, कारण ती साध्या बोलीतली वाक्यं असतात, त्यांच्यामागं टेस्टचा कोड जोडलेला असतो.