आईच्या पापण्या आपोआप गच्च मिटतात, मेंदूचा एमआरआय काढल्यावर कारण कळेल का?

बहुतेक वेळा नाही कळत, रिपोर्ट नॉर्मलच येतो. आमच्या आत्याचं हेच झालं, सोलापूरच्या उन्हात सात रस्ता चौकात रिक्षातून उतरली की डोळे असे गच्च मिटायचे की हाताला धरून न्यावं लागायचं, घरात सगळे म्हणायचे डोळा लवतोय, शुभ की अशुभ ते बघा 😄 आणि वर्षभर नुसते ड्रॉप्स घातले. शेवटी न्यूरोच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, ब्लेफॅरोस्पाझम, म्हणजे डिस्टोनियाचाच (स्नायू आपोआप आखडण्याचा आजार) एक प्रकार.

एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, आणि इथं बिघाड असतो तो कामात. संशोधनात फंक्शनल एमआरआय नि पेट स्कॅन, म्हणजे मेंदूचं काम दाखवणारे स्कॅन, करून बघितलंय, तेव्हा बेसल गँग्लिया, थॅलॅमस, सेरेबेलम, हालचाल सांभाळणारा कॉर्टेक्स अशा मेंदूच्या बऱ्याच भागांत फरक दिसलेत, म्हणजे एकाच जागेचा दोष नाही तर सगळ्या जाळ्याचा. पण ते फरक पेशंट आणि निरोगी लोक अशा गटांची तुलना केल्यावर दिसतात हो, एका पेशंटचा स्कॅन बघून निदान होत नाही.

मात्र एकाच बाजूचा डोळा आणि सोबत गाल, ओठही ओढला जात असेल तर एमआरआय जरूर काढा, तो हेमिफेशियल स्पाझम असू शकतो, त्यात रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेवर दाबते आणि ते स्कॅनमध्ये दिसू शकतं.

आत्याला बोटॉक्सचं, म्हणजे स्नायू सैल करणारं, इंजेक्शन देतात, तीनेक महिने टिकतं, मग परत घ्यावं लागतं. आता बाजार एकटी करते.