रविवारी सेल्फ मारण्याआधी टाकी उतरवा

आजोबांनी १९९० साली घेतलेली टाटामोबाईल २०६ पिकअप इंदूरकडच्या देपालपूरजवळ शेतावर पत्र्याच्या शेडखाली तेरा वर्षे उभी आहे, गाडीच्या कामाचा काहीही अनुभव नाही, नवी बॅटरी आणून ठेवली आहे आणि रविवारी टाकीत दहा लिटर ताजे डिझेल ओतून सेल्फ मारून पाहायचा विचार आहे, असे तुम्ही लिहिले आहे. यातले साल आणि गाव बदलले तर ही माझीच २०१७ सालची हकीकत होते. म्हणून बाकी सर्व सांगण्याआधी एकच आग्रहाची विनंती करतो, की या रविवारी सेल्फ मारू नका.

मी मिस्त्री नाही. पेशाने हिशेबनीस आहे आणि जे काही शिकलो ते घरच्या एकाच गाडीवर शिकलो, त्यामुळे माझे म्हणणे एखाद्या जाणत्या डिझेल मिस्त्रीच्या डोळ्यांखालून घालूनच अमलात आणा. ऑइल आणि फिल्टर बदलणे, रेडिएटर धुणे, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी तपासणे, एअर फिल्टरच्या डब्यातले घरटे काढणे या गोष्टी तुम्हाला कोणीही सांगेल, म्हणून त्यांत शिरत नाही.

आमची पिकअप वडिलांनी १९९१ मध्ये घेतली. सांवेरकडच्या शेतातला बटाटा आणि लसूण इंदूरच्या चोइथराम मंडीत नेण्यासाठी ती चौदा वर्षे राबली आणि २००५ मध्ये वडील आजारी पडल्यावर जी गोठ्याशेजारी उभी राहिली, ती तशीच राहिली. टाकीत तेव्हा पाव भाग डिझेल होते. उरलेल्या तीन भाग रिकाम्या टाकीने बारा पावसाळे दमट हवा आत घेतली. दिवसा तापणाऱ्या आणि रात्री निवणाऱ्या पत्र्याच्या आतल्या अंगाला त्या हवेतले पाणी धरते, ओघळून खाली येते आणि डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साठते. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात तिथे सूक्ष्मजीव वाढून काळा, बुळबुळीत थर तयार होतो, आणि टाकीचा पत्रा आतून गंजतो तो वेगळाच. झाकण उघडून टॉर्च मारली तर यातले काहीही दिसत नाही, वरचे डिझेल जुन्या तेलासारखे गडद दिसते इतकेच.

आमच्या मिस्त्रींनी सल्ला दिला की नवे डिझेल घाला, जुने त्यात मिसळून जळून जाईल. ते ट्रकवर तीस वर्षे काम केलेले गृहस्थ होते, त्यामुळे मी दुसऱ्या कोणाला विचारले नाही. चौथ्या प्रयत्नाला इंजिन सुरू झाले. आई नारळ घेऊन उभी होती, धाकटा भाऊ पुण्याहून फोनवर आवाज ऐकत होता, आणि वडिलांच्या माघारी तो आवाज प्रथमच अंगणात घुमला तेव्हा आम्हा कोणालाच बोलणे सुचले नाही. चार मिनिटांनी आवाज फाटका झाला, धूर पांढरा आला आणि इंजिन थांबले. त्या क्षणी थांबायला हवे होते. मी मात्र ते पुन्हा सुरू होईल या आशेने अर्धा तास सेल्फ मारत राहिलो. माझी सर्वांत महाग पडलेली चूक हीच.

आमच्या गाडीच्या डिझेल पंपाच्या आत वेगळे वंगण नसते, त्यातून जाणारे डिझेलच त्याचे वंगण असते. त्यातल्या प्लंजरची, म्हणजे डिझेलला दाब देणाऱ्या दांड्याची, आणि त्याच्या घराची फट मायक्रॉनमध्ये मोजावी लागते, आणि आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून तिथे गंजाचा एक कण गेला तर काय होत असेल याची कल्पना यावी. पाणी गेले तर वंगण तुटते आणि धातूवर धातू घासतो. पंपाच्या दुकानात माझ्यासमोर पंप उघडला तेव्हा आरशासारख्या असायला हव्या त्या भागांवर उभे ओरखडे होते आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे चारही नोझल गाळाने अडकलेले होते. पंप आणि नोझल मिळून चौतीस हजार रुपये लागले, आणि पंपाचा एक भाग मिळेपर्यंत पाच महिने गाडी तशीच उभी राहिली.

इतके होऊनही मी टाकी खाली उतरवली नाही. तिच्या पट्ट्यांचे बोल्ट गंजलेले होते, म्हणून तळाचा नट उघडून जुने डिझेल काढून टाकले आणि दोनदा नवे डिझेल फिरवून ती धुतली असे मानले. तीन आठवड्यांत नवा फिल्टर चोंदला. मग मात्र टाकी उतरवली, आणि तिच्यातून दोन ओंजळी गंजाच्या पापड्या आणि काजळासारखा गाळ निघाला. टाकीच्या आत डिझेल हिंदकळू नये म्हणून आडवे पडदे असतात आणि त्यांच्यामागे साठलेला गाळ तळाच्या नटातून कधीच बाहेर येत नाही. नवा पंप वाचला तो केवळ फिल्टरमुळे.

म्हणून रविवारी बोनेटपेक्षा गाडीखालचे काम धरा. गाडी पक्क्या स्टँडवर घेतल्याशिवाय खाली शिरू नका, नुसत्या जॅकवर तर मुळीच नाही. टाकीच्या बोल्टना आजपासूनच रोज गंज सोडवणारे तेल द्या, म्हणजे तीन-चार दिवसांत ते पान्याला ऐकतील. टाकी उतरल्यावर आत गरम पाणी, साबणाची पूड आणि एक लांब साखळी घालून दोघांनी धरून हलवत राहा, स्वच्छ पाणी येईपर्यंत हे करा आणि लगेच उन्हात पूर्ण वाळवा, कारण ओली राहिली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तांबूस होते. तिच्याजवळ वेल्डिंग किंवा आग अजिबात नको, रिकामी टाकीसुद्धा आत उरलेल्या डिझेलच्या वाफेने फुटू शकते. पत्रा जागोजाग पातळ झाला असेल तर माझ्या मते दुरुस्तीच्या नादी न लागता दुसरी टाकी शोधावी. टाकीपासून फिल्टरपर्यंतचे रबरी पाइप मात्र कसलाही विचार न करता बदला. बाहेरून चांगले दिसणारे पाइप आतून सुटतात आणि त्यांचे तुकडे पुढे जातात.

इंजिन पहिल्यांदा चालवताना तर गाडीच्या टाकीचा उपयोगच करू नका, हे मला कोणी सांगितले असते तर माझे चौतीस हजार वाचले असते. पाच लिटरचा स्वच्छ पारदर्शक डबा बोनेटपेक्षा थोडा उंच टांगा, त्यातून नवा पाइप थेट नव्या फिल्टरकडे न्या आणि पंपाकडून परत येणारी नळीही त्याच डब्यात सोडा. डिझेल कोठून येते, कसे येते आणि परत येताना काळे पडते का, हे सर्व डोळ्यांना दिसते. रुग्णाला सलाइन लावावे तसे हे काम आहे आणि माझ्या अनुभवात नवशिक्यासाठी याहून सुरक्षित मार्ग नाही.

सेल्फ लावण्याआधी इंजिन हाताने फिरले पाहिजे. थंड इंजिन तापवणारे हीटर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, दोन दिवस थांबा आणि मग क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीच्या नटाला पाना लावून हळूहळू दोन पूर्ण फेरे द्या. अडले तर जोर लावू नका, पुन्हा ऑइल देऊन वाट पाहा. हे ऑइल चमच्याहून जास्त घालू नये आणि प्लग बसवण्यापूर्वी सेल्फने थोडे फिरवून ते बाहेर फेकून द्यावे, कारण डिझेल इंजिन उरलेल्या ऑइलवरसुद्धा चालू शकते. टायमिंग बेल्ट असेल तर त्याचे वय विचारात न घेता तो आधी बदलून घ्या.

मग फिल्टरवरच्या हातपंपाने हवा काढा आणि नोझलचे नट थोडे सैल करून डिझेल येईपर्यंत सेल्फ द्या. एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मध्ये किमान एक मिनिट विश्रांती. नोझलजवळ हात नेऊ नका, तिथला दाब वातावरणाच्या शंभर पटींहून अधिक असतो आणि ती धार कातडीत शिरते. इंजिन बंद कसे करायचे हे ते सुरू करण्याआधी पक्के करा. स्टॉपची तार किंवा सोलेनॉइड, म्हणजे डिझेल तोडणारी विजेची झडप, इतक्या वर्षांनी अडकलेली असू शकते, म्हणून एका माणसाला जाड लाकडी फळी घेऊन इंजिन जिथून हवा ओढते त्या तोंडापाशी उभे करा आणि गरज पडली तर तोंड फळीने झाका, हाताने कधीही नाही. शेतावर मुले असतील तर त्यांना त्या दिवशी दूर ठेवा.

इंजिन चालले म्हणून गाडी हलवू नका. ब्रेकचे तेल हवेतले पाणी ओढून घेते आणि चाकांतले सिलिंडर आतून गंजतात, त्यामुळे पेडल चांगले लागत असले तरी चारही चाके उघडल्याशिवाय त्यावर विसंबू नये. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. २३०७ म्हणजे २००७ सालचा तेविसावा आठवडा. असा टायर नवा दिसला तरी रस्त्यावर नेण्याच्या लायकीचा नाही.

सुट्या भागांसाठी निराश होऊ नका. टाटामोबाईल १९८८ मध्ये टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने आणली. पुढे १९९१ ची सिएरा आणि १९९४ ची सुमो तिच्याच कुटुंबातल्या, त्यामुळे १९४८ सीसीच्या त्या इंजिनाचा बराच माल सुमोच्या नावाने मिळतो. जुना भाग सोबत नेऊन जुळवूनच घ्या. पाइप, क्लिपा आणि हत्यारे इंदूरच्या सियागंज बाजारात स्वस्त पडतात, पंप मात्र स्वस्तात करून देणाऱ्याकडे नेऊ नका.

दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवरचा दिल्लीसारखा नियम इंदूरला लागतो का, असेही तुम्ही विचारले आहे. ते निर्बंध दिल्ली आणि राजधानी परिसरातले आहेत, इंदूर त्यात येत नाही. खरी अडचण कागदांची आहे. नोंदणी आजोबांच्या नावावर आहे आणि वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ लागतो. नियमाप्रमाणे मृत्यूनंतर तीस दिवसांत कळवायचे आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो, जे घरात दुःख असताना कोणाच्याही ध्यानात राहत नाही. मी ज्या कार्यालयात गेलो तिथे सात खेपा झाल्या, कारण जुन्या कागदी आरसीची, म्हणजे नोंदणीपत्राची, नोंद संगणकात चढलेलीच नव्हती आणि हे पहिल्या सहा खेपांत एकाही खिडकीने सांगितले नाही. प्रत्येक वेळी नवा कागद मागितला गेला. एका साध्या वाक्याने माणसाचे चार महिने वाचू शकतात, ते वाक्य बोलायला कोणीही तयार नसावे याचा मला आजही राग येतो. तेव्हा आधी सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर नंबर दिसतो का ते पाहा. आरसीवर कर्जाचा बोजा राहिला असेल तर बँकेकडून बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ घ्या. गाडी मालवाहू वर्गात असेल तर फिटनेस प्रमाणपत्राशिवाय तिची नोंदणी वैध धरली जात नाही, म्हणून ती गॅरेजपर्यंत स्वतःच्या चाकांवर चालवत नेऊ नका, क्रेनवर न्या. नियम आणि शुल्क बदलत असतात, तेवढे जाताना पुन्हा तपासा.

माझा तो पाच लिटरचा डबा, दोन्ही पाइप आणि क्लिपा धुऊन ठेवलेल्या आहेत आणि मला आता त्यांची गरज नाही. मी रामबागेत राहतो; टाकी उतरली की कळवा आणि हे सर्व घेऊन जा. तळाशी काय निघाले त्याचा फोटोही आणा, म्हणजे ती धुऊन चालेल की दुसरी शोधावी हे आपण बसून ठरवू.