अनुभवाच्या रकान्यात काय लिहू?

प्रश्न : ताई, मी इचलकरंजीची, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात इंटर्नशिप करायची आहे, पण रेझ्युमेत अनुभव म्हणून लिहायला काहीच नाही. वडील खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुताचं मजुरीवर कापड विणून देणारे. घरचे आठ यंत्रमाग. सुट्टीत मी तिथेच असते. कोणता माग किती वेळ बंद पडला, सूत तुटलं, बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) संपलं की जॉबर (माग दुरुस्त करणारा) यायला उशीर झाला, हे वहीत लिहिते आणि एक्सेलमध्ये भरते. सीजीपीए 6.8 आहे. मैत्रिणीचा रेझ्युमे दोन पानी आहे. तोच नमुना वापरू का?

उत्तर : मैत्रिणीचा नमुना राहू दे बाजूला. जे तू पत्रात सहज लिहून गेलीस, तोच तुझा अनुभव आहे. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपमध्ये मी बरीच वर्षं शिकाऊ मुलांची निवड करते. मशीन का थांबलं आणि किती वेळ थांबलं, हे नीट लिहिणारं माणूस आम्हाला शोधावं लागतं. बहुतेक जण ‘ब्रेकडाउन’ एवढं खरडून मोकळे होतात. तू कारणं वेगवेगळी लिहितेस!

तेव्हा लिही : ‘घरच्या आठ यंत्रमागांच्या बंद वेळेची कारणांसह रोजची नोंद, एक्सेलमध्ये महिनावार तक्ता.’ त्या नोंदींमुळे काही बदललं असेल, एखादा सुटा भाग आधीच आणून ठेवायला लागलात वगैरे, तर तेही घाल. नसेल तर ओढूनताणून घालू नकोस. पगार मिळत नाही म्हणून घरचं काम कमी ठरत नाही. ‘कौटुंबिक व्यवसाय’ असं सरळ लिही.

येत नाही ते मात्र एक अक्षरही लिहू नकोस. मुलाखतीत मी टेबलावर मायक्रोमीटर आणि लेथवर टर्निंग केलेली एक पिन ठेवते. लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप, 0.01 मि.मी., हे सगळ्यांना पाठ असतं. पण मोजताना कितीतरी मुलं रॅचेट (ठरावीक दाबाला आपोआप घसरणारी टोकाची मूठ) सोडून थिंबलच (फिरतं नळकांडं) आवळतात आणि माप कमी येतं. रेझ्युमेत ‘मापन उपकरणं’ लिहायची असतील, तर आधी कॉलेजच्या मेट्रॉलॉजी लॅबमध्ये बसून हात बसव. सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचंही तेच : स्वतः काढलेला एक पार्ट दाखवता येत असेल तरच.

6.8 लिही. गाळलेस तर पहिला प्रश्न तोच येईल.

‘आव्हानात्मक वातावरणात माझ्या क्षमतांचा...’ हा परिच्छेद, वडिलांचं नाव, जात, विवाहित-अविवाहित, आधार क्रमांक, शेवटचं ‘वरील माहिती सत्य आहे’, हे सगळं काढ. उरेल ते एका पानात बसतं. रेझ्युमे इंग्रजीतच जाईल, पण आधी मराठीत लिहून काढ. आपण नक्की काय केलं, ते मराठीत चटकन सुचतं.

पीडीएफला स्वतःचं नाव दे. मेलमध्ये कोणत्या तारखेपासून किती आठवडे येऊ शकतेस, ते पहिल्याच ओळीत सांग. शिरोलीच्या लहान फाउंड्रीत किंवा कागलच्या छोट्या युनिटमध्ये कित्येकदा मालकच रेझ्युमे बघतो. तिथे छापील प्रत घेऊन स्वतः जा, सकाळच्या गडबडीत नको, दुपारी. कॉलेजचं पत्र आणि अपघात विम्याचा कागद आत्ताच मागून ठेव. ऐन मे महिन्यात ऑफिसात सही करायला कुणी सापडत नाही.