ग्रुप राइडमध्ये मागचा पडला, बिल कुणी भरायचं?

प्रश्न : मी नाशिकमध्ये इंदिरानगरला राहतो. दर रविवारी आम्ही सहाजण गंगापूर रोडने गिरणाऱ्यापर्यंत सायकलवर जातो. क्लब वगैरे नाही, सोसायटीतले मित्र आहोत. मागच्या रविवारी गिरणाऱ्याच्या अलीकडे माझ्या पुढच्याने "खड्डा!" म्हणून हात दाखवला. मी खड्डा उजवीकडून चुकवला, पण मागे आवाज द्यायचा राहिला. मागच्या मित्राचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकाला लागलं आणि तो पडला. कॉलरबोन मोडलं, प्लेट टाकावी लागली. आता तो म्हणतो, "दीड लाखाचं बिल तू भर, नाहीतर पोलिसांत जातो." त्या रात्री मी ग्रुपवर "सॉरी यार, माझ्यामुळे झालं" असं लिहून बसलोय. मी अडकलो का?

उत्तर : आधी पोलिसांची भीती बाजूला ठेवू. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, म्हणजे रस्त्यावर बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे वाहन चालवणं, सायकललाही लागू होतं, कारण त्यात 'कोणतंही वाहन' असे शब्द आहेत. हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत 'गंभीर दुखापत', त्यामुळे कलम १२५ (बेदरकार किंवा निष्काळजी कृतीने दुखापत करणं) सुद्धा लावता येईल. त्यात जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे, पण गुन्हा जामीनपात्र आहे. फौजदारी खटल्यात बेदरकारपणा किंवा ढोबळ निष्काळजीपणा सिद्ध व्हावा लागतो. समोरचा खड्डा चुकवणारा माणूस बेदरकार ठरणं अवघड आहे. तक्रार झालीच तर बोलावतील तेव्हा जा आणि घडलं तसं सांगा.

मोटार अपघात न्यायाधिकरणाचा रस्ता इथे बंद आहे. सायकल 'मोटार वाहन' नाही आणि तिला थर्ड पार्टी विमाही नसतो. म्हणजे मित्राला पैसे मागायचे तर दिवाणी न्यायालयात जाऊन तुमचा निष्काळजीपणा दाखवावा लागेल. तिथे खरा प्रश्न सुरू होतो.

तुमच्या बाजूने कच्चा दुवा एकच, आवाज न देणं. तुम्ही दर आठवड्याला एका ओळीत चालवता, पुढचा ओरडतो आणि मागचा ते आपल्या मागच्यापर्यंत पोहोचवतो, अशी तुमच्यात रीत पडलेली आहे. मागच्याला तुमच्या पाठीपलीकडचा रस्ता दिसत नाही, तो तुमच्या आवाजावर विसंबून असतो. अशा वेळी गप्प राहणं ही कायद्याच्या नजरेत चूक ठरू शकते, अनोळखी दोन सायकलस्वारांमध्ये ती कदाचित ठरणार नाही. हे मी तुम्हाला दुखावण्यासाठी लिहीत नाही, पण वाटाघाटीला बसताना हे मनात असायला हवं.

आता दुसरी बाजू. ही मला जास्त वजनदार वाटते. मित्र तुमच्या बरोबर मागे, सरळ रेषेत, अंतर ठेवून असता तर तुम्ही उजवीकडे गेल्यावर तो फार तर खड्ड्यात गेला असता. त्याचं चाक तुमच्या चाकाला लागलं, याचा अर्थ बहुधा त्याचं पुढचं चाक तुमच्या मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला आत आलेलं होतं. चाकात चाक घालून चालवायचं नाही, हे ग्रुपमध्ये चालवणारा प्रत्येकजण पहिल्या महिन्यात शिकतो, कारण चाकं घासली की मागचाच पडतो. म्हणून आजच तुमचं मागचं चाक बघा. टायरच्या किंवा रिमच्या उजव्या अंगाला घासल्याची खूण असेल तर जवळून आणि लांबून फोटो काढा, आणि तोवर सायकल धुऊ नका, सर्व्हिसिंगलाही टाकू नका. खूण टायरच्या मधोमध, मागच्या बाजूला असेल तर मात्र तुम्ही ब्रेकही मारला होता का, हे प्रामाणिकपणे आठवा. तसं असेल तर तुमची बाजू थोडी कमजोर होते, तरी अंतर ठेवण्याची जबाबदारी त्याचीच राहते. कुणाच्या हँडलबारवर कॅमेरा होता का, तेही विचारा.

दोघांचीही चूक निघाली तर न्यायालय भरपाई चुकीच्या प्रमाणात वाटतं. जखमी झालेल्याचा स्वतःचा वाटा वजा होतो. माझं मत विचाराल तर इथे निम्म्याहून जास्त तुमच्या माथी येऊ नये.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज पुरावा म्हणून येऊ शकतो, पण कबुली म्हणजे अंतिम शब्द नव्हे. घाबरून रात्री लिहिलेली माफी आणि चाकावरची खूण, दोन्ही न्यायाधीश पाहतात. तो मेसेज डिलीट करू नका, नंतर ते जास्त वाईट दिसतं. ग्रुपवर यापुढे या विषयावर काहीही लिहू नका. मित्राच्या हॉस्पिटलच्या केसपेपरवर पहिल्या दिवशी अपघाताचं कारण काय लिहिलं गेलंय, हेही महत्त्वाचं आहे. मेडिक्लेममधून किती रक्कम मिळाली ते विचारा, खिशातून गेलेल्या रकमेवरच बोलणं सुरू व्हावं.

खड्ड्याचाही फोटो घ्या, तो बुजवला जाण्याआधी. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे जखमी होणाऱ्यांना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे निर्देश दिले आहेत. मित्र स्वतः खड्ड्यात पडलेला नाही, म्हणून संबंध जोडून दाखवावा लागेल, तरी अर्ज करून पाहायला हरकत नाही. हे तुम्ही होऊन त्याला सांगितलंत तर बोलण्याचा सूरही बदलेल.

नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आरपार पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून नाशिकमध्ये पहाटे कितीतरी नवे ग्रुप रस्त्यावर दिसू लागले. या ग्रुपांतली मैत्री अशा एका बिलावरून तुटू नये, असं मला मनापासून वाटतं. म्हणून नोटिशीची वाट न पाहता त्याला भेटायला जा, विचारपूस करा, आणि नंतर दोघांनी मिळून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व, म्हणजे दावा दाखल होण्याआधीच्या, तडजोडीसाठी अर्ज करा. तिथल्या लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकंच बळ असतं आणि तिच्यावर अपील होत नाही. तोंडी "चल, इतके घे" म्हणून यूपीआयने पैसे पाठवू नका. "पोलिसांत न जाण्याच्या बदल्यात" असे शब्द तडजोडीत कुठेही येऊ देऊ नका, असा करार टिकत नाही. 'उपचाराच्या खर्चापोटी, जबाबदारी मान्य न करता, पूर्ण आणि अंतिम' एवढं मात्र नक्की असावं. सही करण्याआधी मसुदा तुमच्या वकिलाला वाचायला द्या, आणि सोबत त्या चाकाचे फोटोही.