सीआरपी ४.६ आणि ती बाटली

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

परवा रात्री साडेअकराला तू रिपोर्टचा फोटो पाठवलास, हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी (शरीरात दाह किती आहे ते सांगणारी रक्ततपासणी) ४.६. त्याखाली हळदीच्या कॅप्सूलची बाटली, आणि प्रश्न: ‘मॅडम, हे सुरू करू का? मला आईसारखे गुडघे घेऊन म्हातारं व्हायचं नाहीये.’ दोन ओळींत उत्तर देण्यासारखं नव्हतं, म्हणून कागद घेतला.

आधी सांग, रक्त दिलंस त्या दिवशी सर्दी होती का? दाढ दुखत होती? लॅबमध्ये माझ्या हाताखाली शिकताना पेशंटला हे तूच विचारायचीस. १ च्या खाली हृदयविकाराची जोखीम कमी, ३ च्या वर जास्त, हे खरं. पण आजारपणात काढलेला आकडा धरायचा नसतो. १० च्या वर गेला तर आधी संसर्ग शोधतात. दोन आठवडे जाऊ देत, बरी असताना पुन्हा तपास. तोवर त्या ४.६ ला घाबरू नकोस.

आणि दाहाला शत्रू समजू नकोस. बोट कापलं की लाल होतं, सुजतं, ठणकतं आणि चार-आठ दिवसांत शमतं. शरीर आपलं काम करत असतं. काळजी करायची ती न शमणाऱ्या दाहाची. राखेखालच्या निखाऱ्यासारखा तो वर्षानुवर्षं धुमसतो. दुखत नाही, ताप येत नाही, पण रक्तवाहिन्यांची आतली भिंत खराब होते, साखर बिघडते. वयाबरोबर वाढणाऱ्या या दाहाला इटलीच्या क्लाउदिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली ‘इन्फ्लमेजिंग’ (इन्फ्लमेशन म्हणजे दाह, एजिंग म्हणजे वय होणं) असं नाव दिलं. २०१७ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्यांना फक्त दाह कमी करणारं इंजेक्शन दिलं. कोलेस्टेरॉल होतं तेवढंच राहिलं, तरी पुढचे ॲटॅक कमी झाले. मात्र जंतुसंसर्गाने दगावणारे थोडे वाढले. हा दुसरा भाग कुणी सांगत नाही. दाह औषधाने दाबायचा म्हटलं की त्याची किंमत मोजावी लागते.

आता हळद. अमेरिकेत १९९५ साली जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर, जे आधी आपल्या पुण्याच्या पाषाण रोडवरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे (एनसीएल) संचालक होते, त्यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने ते लढवलं आणि १९९७ मध्ये रद्द झालं. मला त्याचा आजही अभिमान वाटतो. पण म्हणून बाटलीतली हळद आजीच्या डब्यातली होत नाही. हळदीत कुर्क्युमिन, म्हणजे तिच्यातला दाह कमी करतो म्हणतात तो घटक, साधारण तीन टक्के, तेही आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. म्हणून कंपन्या मिऱ्याचा अर्क घालतात. बेंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं होतं की त्याने शोषण वीस पटींनी वाढतं. तेच मिरं इतर औषधांचं रक्तातलं प्रमाणही बदलतं, आणि अशा तीव्र गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. फोडणीत हळद घाल, दुधात घाल. बाटली नको.

‘नैसर्गिक’ या शब्दाची मला धास्ती का वाटते ते तुला कधी सांगितलं नव्हतं. माझी मोठी बहीण सांधेदुखीसाठी एका ठिकाणाहून पुड्या आणायची. नाव लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी दुखणं गायब. सगळ्या पेठेत तिने कौतुक केलं. वर्षभरात चेहरा गोल झाला, अंगावर जरा लागलं की काळंनिळं, आणि उपाशीपोटी साखर २१० झाली. ती ट्यूब मीच मशीनला लावली होती. पुड्यांत स्टेरॉइड होतं. डॉक्टर म्हणाले, एकदम थांबवू नका, कारण शरीराने स्वतःचं बनवणं बंद केलेलं असतं. हळूहळू सोडवायला आठ महिने गेले. आयुर्वेदावर माझा राग नाही. पण तीन दिवसांत जुनं दुखणं घालवणाऱ्या, लेबल नसलेल्या पुडीला हात लावू नकोस, आईलाही लावू देऊ नकोस.

मग निखाऱ्याला वारा कोण घालतंय ते बघू. तू म्हणशील, मी तर बारीक आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३ होता, पण चरबी युडकिनांत ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांत २१.२ टक्के! २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसांत चरबी पोटात लपते, आणि ती स्वस्थ बसत नाही, दाहाचे निरोप रक्तात सोडत राहते. शिंप्याची टेप घे, कंबर मोज. बाईची ८० सेंटिमीटरच्या आत हवी.

ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं का? येत असेल तर आधी दाताच्या डॉक्टरकडे जा, तोही धुमसणारा दाहच. तुझी आई मिश्री लावते ना, ती सोडवायला मी स्वतः बोलेन. खाण्याचं फार लिहीत नाही, तुला येतं: ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी. जवसाची चटणी कर, पण जवस नीट कुटून. अख्खं बी तसंच बाहेर पडतं. झोपेचं मात्र रागावूनच लिहिते. रात्री साडेअकराला मेसेज आणि सकाळी सहाला होम कलेक्शन (घरोघरी जाऊन रक्त घेणं), हे असं किती वर्षं चालणार? सकाळची ड्यूटी बदलून माग.

आईचे गुडघे बहुधा झिजेचे असतील. पण सकाळी आखडलेपण अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकत असेल किंवा बोटांचे सांधे सुजत असतील, तर संधिवाताच्या डॉक्टरला दाखव, उशीर करू नकोस. झिजेला मांडीचे स्नायू हाच आधार, आणि तुझे ते आत्ताच तयार करायचे आहेत. तुला लॅबच्या भाषेत सांगते: ज्या इंटरल्युकिन-६ या निरोप्या रेणूच्या सांगण्यावरून यकृत सीआरपी बनवतं, तेच व्यायाम करणारा स्नायू सोडतो, पण तेव्हा ते दाह शमवणाऱ्या रसायनांना बोलावतं. रेणू तोच, काम उलट. मला हे वाचून कितीतरी दिवस आनंद झाला होता.

रविवारी साडेसहाला पर्वतीच्या पायथ्याशी ये. एकशे तीन पायऱ्या आहेत, मी एकदा थांबते, तू नको थांबूस. आईलाही आण, तिला पायऱ्या नकोत, सारसबागेत सपाटीवर चालू दे. आणि बाटलीचं सील तोडलं नसेल तर बिलासकट घेऊन ये, दुकान जवळच असेल तर येताना परत करू.

तुझी,
मॅडम