2007 च्या फिएस्टा बाउलमध्ये बॉयसी स्टेट नशिबाने जिंकली का?

अजिबात नाही. अमेरिकन फुटबॉलच्या त्या कॉलेज सामन्याच्या फक्त शेवटच्या युक्त्या पाहिल्या की तसं वाटतं, पण तिसऱ्या क्वार्टरमध्ये बॉयसी स्टेट 28-10 अशी पुढे होती. समोरची ओक्लाहोमा म्हणजे सात राष्ट्रीय विजेतेपदं नावावर असलेलं बडं घराणं. बॉयसी आयडाहोमधलं, पहिल्या श्रेणीत 1996 साली आलेलं कॉलेज. त्या मोसमात एकही सामना न हरता आलेलं, तरी फारसं कुणी मोजत नव्हतं.

ओक्लाहोमाने 28-28 बरोबरी साधली आणि लगेच बॉयसीचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू, जॅरेड झाब्रान्स्की याचा पास मधेच पकडून थेट टचडाउन केला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेला. 35-28. इथे बहुतेक संघ खचले असते. 18 सेकंद उरले होते, चौथा म्हणजे शेवटचा प्रयत्न आणि चेंडू ताब्यात ठेवायला हवे होते 18 यार्ड. पास ड्रिसन जेम्सकडे गेला, बचावपटू त्याच्यावर धावले आणि त्याने उलट्या दिशेने येणाऱ्या जेरार्ड रॅबच्या हातात चेंडू सोपवला. रॅब थेट शेवटच्या रेषेपार! 35-35. अशी हातोहात अदलाबदल सरावाशिवाय जमत नाही.

ओव्हरटाइममध्ये, जिथे दोन्ही संघांना एकेक संधी मिळते, ओक्लाहोमाच्या एड्रियन पीटरसनने पहिल्याच प्रयत्नात 25 यार्ड धावून टचडाउन केला. बॉयसीला मात्र टचडाउनसाठी पुन्हा चौथ्या प्रयत्नापर्यंत झगडावं लागलं, तेव्हा 42-41 झालं. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर पुढच्या निर्णयात आहे. टचडाउननंतर चेंडूला लाथ मारून एक जादा गुण घेता येतो, किंवा चेंडू पुन्हा रेषेपार नेऊन दोन. लाथेने एक गुण घेऊन बरोबरी करता आली असती. पण मग आणखी एक फेरी, आणि प्रत्येक नव्या फेरीत ताकदवान संघाचंच पारडं जड होत जातं. प्रशिक्षक ख्रिस पीटरसन यांचं ते मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिलंच वर्ष. त्यांनी दोन गुणांचा डाव मांडला: जिंकलो तर इथेच, हरलो तरी इथेच.

झाब्रान्स्कीने उजवा रिकामा हात उगारून पास फेकल्याचं नाटक केलं, डाव्या हाताने पाठीमागून चेंडू इयान जॉन्सनला दिला. सगळा बचाव उजवीकडे, जॉन्सन डावीकडून आत. 43-42.

माझ्या मते धाडस म्हणतात ते हेच: स्वतःचं बळ नीट ओळखून वेळेवर घेतलेला निर्णय.

बॉयसी 13-0 अशी अपराजित राहिली, तरी एपी या वृत्तसंस्थेच्या अंतिम क्रमवारीत तिला पाचवं स्थान मिळालं आणि विजेतेपद एक सामना हरलेल्या फ्लोरिडाला. त्याचा मला अजूनही राग येतो.